मापात पाप

चिपळुणात आमचं किराणा दुकान होतं. "मापात पाप नको," हे वडिलांचं पालुपद. दुपारी ते जेवायला आत गेले की गल्ल्यावर मी. बारा वर्षांची असताना एकदा गूळ तोलताना मी पारड्याला हळूच करंगळी लावली. समोर एक लहान पोर होतं, बाकी दुकानात चिटपाखरू नव्हतं.

त्या गुळाचा हिशेब पन्नास वर्षांनी लक्षद्वीपला, कदमत बेटावर निघाला. तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत होते. खाली प्रवाळाच्या खडकाशी बोटाएवढा निळा मासा, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. हा क्लीनर रास. एक थोराड गोबरा आला, जबडा उघडून स्तब्ध राहिला. चिमुकला खुशाल तोंडात शिरला नि कल्ल्यातून बाहेर आला. माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणं हा त्याचा धंदा. असा एक मासा दिवसाला सुमारे 1200 परजीवी खातो, अशी अलेक्झांड्रा ग्रटर यांची ग्रेट बॅरिअर रीफवरची मोजदाद आहे.

पण त्याची जीभ चटावलेली असते ती गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराला. तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकतं, कधी दुसरं दुकान गाठतं. ग्रटर आणि रेदुआन बशारी यांनी 2006 साली दाखवून दिलं, की दुसरं गिऱ्हाईक बघत असलं की हा मासा जास्त चोख वागतो.

म्हणजे माझ्यासारखाच! मग चारचौघांच्या नजरेपुरती सचोटी ही सचोटी का? आजी म्हणायची, "देव बघतोय." पण तेही न हलणारं गिऱ्हाईक दारात बसवणंच. वेदान्तातला साक्षी वेगळा. तो बक्षीस देत नाही, शिक्षा करत नाही, नुसता पाहतो. नुसत्या पाहण्याने काय होतं? माझी करंगळी कुणीच पाहिली नव्हती, तरी ती अजून सलते.

2019 साली जपानी संशोधकांनी याच माशाच्या गळ्याखाली तपकिरी ठिपका उमटवून त्याला आरसा दाखवला. त्याने गळा तळाशी घासला. याला आत्मभान म्हणावं का, यावर वाद आहे. स्वतःवरचा डाग दिसल्यावरची तगमग मात्र मी ओळखते.

बघणाऱ्याच्या धाकाने चोख राहणं ही वाईट सुरुवात नव्हे. प्रवाळातला हा बाजार त्याच्याच आधाराने चालतो. पण दुकान रिकामं असताना काटा सरळ राहिला, तरच ते माप खरं.