भलत्याच्या हाती पडले तर?

अमेरिकेत १९८२ सालापासून दरवर्षी एक सप्ताह साजरा होतो. सप्ताह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीणा, टाळ आणि शेवटच्या दिवशीचा काला येतो. तिकडचा हा सप्ताह मात्र बंदी घातलेल्या पुस्तकांचा असतो. ज्या पुस्तकांवर कोणी ना कोणी डोळे वटारले, ती ग्रंथालये मुद्दाम दर्शनी मांडतात आणि ‘या, वाचा’ म्हणतात. कल्पना मला आवडली. पण आपण असा सप्ताह करायचे ठरवले तर पहिल्या दिवशी काय मांडावे? पुष्कळ विचार केल्यावर मला वाटू लागले की, एखादा थोर ग्रंथ नको. एक दिवाळी अंक मांडावा.

१९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. काकोडकरांची पुस्तके लोक कशी वाचत, ते मागच्या पिढीतील मंडळींना विचारावे. भूमितीच्या पुस्तकात घालून, माळ्यावर बसून, उशीच्या अभ्र्यात लपवून! घरोघर वाचली जात आणि कोणाच्याच कपाटात सापडत नसत, अशी ती पुस्तके. तर ही कथा अश्लील आहे अशी एका गृहस्थांनी फिर्याद केली. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने दोषी ठरवून प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि आरोपींच्या ताब्यातील त्या अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. पंचवीस रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे. परंतु लेखक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी निर्दोष सुटले.

या निकालातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यायमूर्तींनी कथेची भलामण केली नाही. कथा फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाचा अनुभवही कदाचित तोकडा असेल, असे त्यांनी स्वच्छ म्हटले. आणि तरीही ती अश्लील नाही असा निर्वाळा दिला. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे पहिले अर्धे वाक्य मला थोडे झोंबते. पण सारे मर्म त्या ‘तरीही’त आहे. थोर पुस्तकाच्या बाजूने उभे राहायला धैर्य लागत नाही. काळ गेला की त्याचे पुतळे होतात आणि आपण हार घालायला जातो. बेताच्या, आपल्याला मुळीच न आवडणाऱ्या पुस्तकाच्या वेळी आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

अश्लीलतेची जी कसोटी आपल्या न्यायालयांनी पुष्कळ वर्षे वापरली, ती १८६८ सालच्या एका इंग्रजी निवाड्यातली. ज्यांची मने अशा गोष्टींना सहज बळी पडतील, त्यांच्या हाती हे पुस्तक पडले तर ते बिघडतील काय, असे ती विचारते. २०१४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला सारली. घराघरांतून मात्र ती अजून सुखाने नांदते आहे. तिची गंमत पाहा. फिर्यादी पुस्तक वाचतो, वकील वाचतात, न्यायाधीशांना तर ते कामाचा भाग म्हणून वाचावेच लागते. यांपैकी कोणीही बिघडत नाही. बिघडणारा असतो तो भलताच कोणी तरी, आणि तो कधीही न्यायालयात हजर नसतो.

१९६० साली लंडनमध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’वर खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलांच्या तोंडून हा भलता कोण ते निसटले. आपल्या बायकोने किंवा नोकराने हे पुस्तक वाचलेले तुम्हाला चालेल काय, असे त्यांनी ज्युरीला विचारले. ज्युरीत तीन बायका बसल्या होत्या! पुस्तक सुटले.

आपण हसावे, पण जपून. वेद कोणाच्या कानी पडू नयेत याची यादी आपणही केली होती, आणि तीत बायका होत्या, शूद्र होते. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हटले ते याच कारणाने. जवळ एवढे धन, आणि ते तिघांच्याच कानी लागते! १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. लोकांना शंका आहेत, त्यांनी त्या विचारल्या, मग जाणत्याने उत्तर देण्यात गुन्हा कसला? दोघेही हरले आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. ज्याला ज्ञानापासून दूर ठेवलेले असते त्याचे वकीलपत्र आंबेडकरांनी घ्यावे, यात मला नवल वाटत नाही.

‘पण मास्तर, मुलांचे काय?’ असे कोणी विचारील, आणि विचारावेच. मुलांची गोष्ट वेगळी आहे हे मी मानतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती काहीही द्यावे, असे मी म्हणणार नाही. शाळेच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. पैसे थोडे, कपाटे दोन, तेव्हा निवड करावीच लागते. ‘अजून नको’ असे मोठ्यांनी म्हणण्यात प्रेम असू शकते. मात्र ‘अजून’ म्हटले की ते केव्हा संपणार हेही सांगावे लागते, आणि ते पुस्तक आपण स्वतः वाचलेले असावे लागते. माझ्या अनुभवात दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड ठरते.

म्हणून मी कपाटात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. एखाद्या पुस्तकावर कोणाचा आक्षेप असेल तर त्यांनी तीत पानाचा आकडा लिहावा, पुस्तक पूर्ण वाचल्याचे नमूद करावे आणि सही करावी, एवढाच नियम. तक्रारी तोंडी पुष्कळ येतात. चहा घेऊन परत जातात. लेखी आतापर्यंत तीन आल्या. दोघांनी पूर्ण वाचल्याचा रकाना कोरा सोडला. तिसऱ्या एका आजीबाई होत्या, नातीच्या पिशवीत सापडलेली कादंबरी घेऊन आलेल्या. त्यांनी वही पुढे ओढली, पान एकशे बारा असे लिहिले, मग थोडे थांबून विचारले, “याचा दुसरा भाग आहे का हो तुमच्याकडे?”