सावरणाऱ्याचे ऋण

उपासनेचे मंदिर नवे उभारणारा थोर, की ते खचू लागले असता सावरणारा थोर? कोनशिलेवर नाव पहिल्याचेच असते, म्हणून हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या खारेपाटणास सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा आहे. त्यात सणफुल्लापासून स्वतःपर्यंत दहा पुरुषांची नावे त्याने कोरविली. परंतु अव्वेश्वराच्या देवळास जी गावे दिली, ती पूजा व तपस्व्यांचा निर्वाह यांबरोबर देवळाच्या डागडुजीसाठीही दिली. त्याची उपासना आम्हांस मान्य नाही. ही दूरदृष्टी मात्र मान्य आहे. पाऊस भिंतींचे काय करितो, हे कोकणच्या राजास सांगावे लागत नाही.

या दानापूर्वी चौदाच वर्षे, ग्रीक ख्रिस्ती लोकांची राजधानी जे कान्स्टांटिनोपल (आताचे इस्तंबूल), तेथे अशीच एक मोठी डागडुजी पुरी झाली होती. तेथील हागिया सोफिया हे मंदिर जस्टिनियन बादशहाने ५३७ साली बांधून पुरे केले. सुमारे शंभर फूट रुंदीचा घुमट चार कमानींवर तोललेला. पण तो फार बसका होता. बसका घुमट आपला भार बाजूंस अधिक टाकितो. तुळई नसलेल्या घराचे वासे भिंती बाहेर लोटितात, तसेच हे. ५५८ साली तो कोसळला, तेव्हा सुमारे वीस फूट अधिक उंच करून पुन्हा बांधिला. पुढे ९८९ च्या भूकंपात पश्चिमेची कमान घुमटाच्या भागासह पडली. ते काम त्रदात नामक आर्मेनी स्थपतीकडे आले. त्याने आधी नमुना केला, मग काम. आणि ९९४ साली मंदिर पुन्हा उघडले.

आता लक्षात घ्या, ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या वादावरून ग्रीक व आर्मेनी मंडळ्यांची तेव्हा फारकत झालेली होती. ज्याच्याबरोबर प्रभुभोजन घ्यावयाचे नाही, त्याने उभारिलेल्या कमानीखाली ग्रीक लोक गुडघे टेकू लागले! कोणी म्हणेल, त्याने मजुरी घेतली, ऋण फिटले. मजुरी त्याच्या दिवसांची होती. कमान हजारांवर वर्षे उभी आहे.

१३४६ साली पूर्वेचा भाग पडला, तोही सावरला. १४५३ मध्ये तुर्कांनी मंदिराची मशीद केली, आणि सोळाव्या शतकात त्यांच्या सिनान नामक स्थपतीने बाहेरून भक्कम आधारभिंती दिल्या. १९३५ पासून तेथे संग्रहालय होते. २०२० पासून पुन्हा नमाज होतो. याची हळहळ आम्हांसही आहे. पण ते आधार नसते, तर हळहळावयास छप्पर तरी उरते काय? आज त्या एका घुमटात उत्तरेस व दक्षिणेस सहाव्या शतकाचे, पश्चिमेस त्रदाताचे व पूर्वेस चौदाव्या शतकाचे काम आहे, आणि तो आता पुरता वाटोळा राहिलेला नाही.