चालणाऱ्याची पायरी

ज्येष्ठात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा हे शहर आपल्या सवयी गुंडाळून ठेवतं. फर्ग्युसन रस्ता गाड्यांना बंद होतो, लक्ष्मी रस्त्यावर दुचाकीला शिरकाव नसतो. एरवी जिथे जीव मुठीत धरून पलीकडे जावं लागतं, तिथे बायाबापड्या डांबरावर फतकल मारून पालखीची वाट बघतात. कुणी चहा वाटतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू. कुणी वारकऱ्यांचे पाय चेपून देतं, तर कुणी तुटलेल्या चपला फुकट शिवून देतं. ज्ञानोबांचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात. मग एक पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, दुसरी लोणी काळभोरचा रस्ता धरते. पोलिसांचे बॅरिकेड उचलले जातात आणि चालणारा माणूस पुन्हा वाहतुकीला अडथळा ठरतो.

ज्याला ‘माउली’ म्हणून वाट करून दिली, त्याच्यासारख्याच दुसऱ्या कुणाला आठवड्याभरात हॉर्न मारून बाजूला करायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. स्पष्टीकरण तयार असतं: ते देवाला निघाले होते, हा कामाला निघालाय.

पण हे स्पष्टीकरण वारकरी विचारालाच पटणारं नाही. सावता माळ्यांना विठोबा भेटला तो मळ्यात, गोरोबांना माती तुडवताना, जनाबाईंना जात्यावर. कामधाम एकीकडे आणि भक्ती दुसरीकडे, अशी वाटणी या संप्रदायानं कधी मानली नाही. मग चार घरची धुणीभांडी करायला पहाटे पायी निघालेल्या बाईचं चालणं वारीपेक्षा हलकं का धरायचं?

अर्थात, एका वाटेवरून चालल्यानं माणसं आपोआप समान होत नाहीत. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. एकाच दिंडीत जातीजातींची जेवणं वेगळी होताना पाहून त्यांना बोचलेलं शल्य त्या लेखात आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात आहे, पण देवळाबाहेर. त्या देवळाची दारं दलितांसाठी उघडावीत म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. रस्ता खुला असणं ही समतेची पहिली पायरी. शहरांच्या बाबतीत आपण त्या पायरीलाही अजून पाय लावलेला नाही.

रस्त्याचा आणि धर्माचा संबंध तसा वारीहूनही जुना. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोक सांगतो, की वाटांवर विहिरी खोदल्या आणि झाडं लावली, ती माणसांच्या आणि जनावरांच्याही उपयोगासाठी. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या या राजानं सावली आणि पाणी या गोष्टी धम्माच्या खात्यात मांडल्या. आज रस्ता रुंद करायचा म्हटलं की आधी झाडांवर खुणा होतात आणि ती फाईल उद्यान खात्याकडे जाते. धम्माशी तिचा काही संबंध उरत नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्या सावलीची गरज गाडीतल्या माणसाला नसते. ती असते बसथांब्यावर ताटकळणाऱ्याला.

वेगाचा नैतिक प्रश्न विसाव्या शतकात इव्हान इलिच यांनी मांडला. मूळचे व्हिएन्नाचे, कॅथलिक धर्मगुरूपद सोडलेले हे विचारवंत. ऊर्जा आणि समता यांवर १९७४ साली आलेल्या छोट्याशा पुस्तकात त्यांनी एक हिशेब केला. सरासरी अमेरिकन माणूस गाडी चालवण्यात, ती उभी करण्यात आणि तिचे हप्ते, इंधन, विमा यांसाठी कमावण्यात वर्षाला १,६०० तास घालवतो आणि साडेसात हजार मैल कापतो. भागाकार केला तर वेग भरतो ताशी पाच मैलांच्याही आत. हिशेब गमतीचा वाटला तरी त्यामागचा मुद्दा गंभीर आहे: एका ठरावीक मर्यादेपलीकडचा वेग कुणाचा तरी वेळ आणि जागा घेऊनच मिळतो. आणि कधीकधी जीवही. ताशी ३० किलोमीटरचा वेग ६० झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती.

हे असंच चालायचं, असं म्हणणाऱ्यांनी स्पेनमधल्या पोंतेवेद्राकडे बघावं. सांतियागो दे कॉम्पोस्तेलाला पायी जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेकरूंच्या पोर्तुगीज वाटेवरचं हे गाव. यात्रिकांच्या मेरीमातेचं अठराव्या शतकातलं चर्च गावाच्या ऐन मध्यात आहे. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच मध्यवस्तीत गाड्यांनी चालणाऱ्यांना श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती. १९९९ साली मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस हे पेशानं डॉक्टर असलेले गृहस्थ महापौर झाले. त्यांच्या प्रशासनाची भूमिका सरळ होती: गाडी तुमची, म्हणून ती उभी करायची जागा गावानं द्यावी असं होत नाही. मध्यवस्तीतून जाणारी वाहतूक बंद झाली, रस्त्यावरचं पार्किंग गेलं, पुढे गावभर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली. १९९६ ते २००६ या काळात ज्या रस्त्यांवर तीस जणांचा जीव गेला होता, तिथे पुढच्या दहा वर्षांत तिघे गेले. २०११ मध्ये गावानं मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा छापला. त्यात स्थानकांच्या जागी चौक आणि बाजार आहेत, आणि मधल्या रेषांवर पायी लागणारी मिनिटं.

पुण्यालाही हे अजिबात ठाऊक नाही असं नाही. महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराजांच्या समाधिमंदिरावरून जाणाऱ्या रस्त्यावर फुटपाथ प्रशस्त झाले. जुन्या झाडांखाली बाकं आली, मुलांना खेळायला जागा झाली. संध्याकाळी तिथे आजोबा टेकलेले दिसतात, नातू घसरगुंडीवर असतो. त्याच फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब रोवावे लागतात, हेही तितकंच खरं. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा ‘पादचारी दिना’साठी गाड्यांना बंद केला गेला आणि पुढे तो दिवस दरवर्षीचा झाला. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये चालण्यायोग्य फुटपाथ हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं स्पष्ट केलं. पंढरीच्या वाटेवर तर राष्ट्रीय महामार्ग आखतानाच वारकऱ्यांसाठी कडेला स्वतंत्र पायवाटेची तजवीज झाली. म्हणजे चालणाऱ्याची रुंदी मोजून रस्ता आखणं सरकारला येतं. ती रुंदी कुणासाठी मोजायची, एवढंच ठरायचं आहे.

आणि ते ठरतं फार छोट्या ठिकाणी. चोवीस मीटरचा चौक धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर या चालीनं वीस सेकंदांत ओलांडतो. गुडघे दुखणाऱ्या आजींची चाल ०.८ मीटर धरली तर त्यांना तीस लागतात. सिग्नलवरचा हिरवा माणूस वीस सेकंदांतच लाल झाला, तर आजी चौकाच्या मधोमध उभ्या राहतात, दोन्हीकडून इंजिनं गुरगुरत असताना. ते दहा सेकंद द्यायचे की गाड्यांची रांग तेवढी आखूड ठेवायची, हा निर्णय वाहतूक शाखेत आणि महापालिकेच्या पथ विभागात होतो. तो घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण ज्येष्ठात पालखीच्या रस्त्याकडेला हात जोडून उभे असतात. कीर्तनकारांनी हा विषय फडावर आणायला हरकत नाही.