ओझे उतरल्यावर

दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातील साखर कारखान्यांची धुराडी धूर ओकू लागतात. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी टाकली जाते, आणि थोड्याच दिवसांत हंगामातल्या पहिल्या पोत्यांचे पूजन होते. पोत्यांना हळदकुंकू वाहतात, हार घालतात, नारळ फोडतात. समारंभ आटोपला की कोणीतरी ते पोते पाठीवर घेतो आणि गोदामात नेऊन थप्पीला लावतो. पोत्याची पूजा होते; ते वाहणाऱ्या पाठीची पूजा करण्याची रीत काही आपल्याकडे नाही.

साखर कारखान्याची रचना नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. ऊस गव्हाणीत पडला की तो चरकात पिळला जातो. रसाला चुना आणि गंधकाचा वायू देऊन तो निवळतात, वाफेवर आटवतात, दाणा धरेपर्यंत शिजवतात, गरगर फिरणाऱ्या यंत्रांत मळी वेगळी काढतात, आणि मग साखर वाळवून, चाळून, दाण्यांची प्रतवारी करून खाली सोडतात. या साऱ्या वाटेवर माणसाने वजन म्हणून काही उचलायचे नसते. वाफ आणि वीज सगळे करतात. पण पुढच्या दाराशी उसाची मोळी डोक्यावर घेतलेला तोडणी कामगार उभा असतो, आणि मागच्या दाराशी साखरेचे पोते पाठीवर घेतलेला हमाल उभा असतो. मध्ये विज्ञान आणि दोन्ही टोकांना माणसाचा मणका, अशी ही व्यवस्था कित्येक वर्षे चालत आली.

आता मागच्या दाराचा ताबाही यंत्र घेऊ लागले आहे. पोते आपोआप भरते, तोलले जाते, त्याचे तोंड शिवले जाते, पट्ट्यावरून ते पुढे सरकते, आणि शेवटी एक लोखंडी बाहू ते उचलून थरावर थर रचीत जातो. साबण, बिस्किटे, औषधे, सिमेंट अशा अनेक मालांच्या कारखान्यांत हेच चालले आहे. माल तयार करण्याचे काम यंत्राने फार पूर्वीच उचलले होते. तो खोक्यात भरणे, खोकी रचणे आणि गाडीत चढवणे एवढे शेवटचे काम माणसाकडे उरले होते. तेही आता चालले.

हे शेवटचे काम माणसाकडे इतका काळ का राहिले, याचा विचार करण्यासारखा आहे. एक कारण यंत्राच्या बाजूचे आहे. पोते हे ढिले, अंग मोडणारे असते. प्रत्येक वेळी निराळ्या रीतीने पडते. गाडी कधी उंच, कधी ठेंगणी. गोदामाचा कोपरा कधी भरलेला, कधी मोकळा. हे पाहून हात वळवावा लागतो, आणि यंत्राला पाहण्याची दृष्टी फार उशिरा आली. पण दुसरे कारण आपल्या बाजूचे आहे, आणि ते अधिक मोठे आहे. माणसाचा खांदा स्वस्त होता. जिथे खांदा स्वस्त तिथे यंत्र आणण्याची बुद्धी कोणाला होणार? ऊस पिळायला बैल महाग पडू लागला तेव्हा वाफेचा चरक आला. पोते उचलायला माणूस मात्र कधी महाग पडला नाही.

तो महाग पडू लागला तो कायद्यामुळे. एके काळी हमालाला मालकच नव्हता. सकाळी या पेढीवर, दुपारी त्या वखारीत. पाठ मोडली तर कोणाच्या दारात जाऊन बसायचे, याचे उत्तर नव्हते. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथ्यावर ओझे वाहणाऱ्या या माणसांची संघटना बांधली, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळे स्थापन झाली, टोळ्यांची नोंद होऊ लागली, आणि मजुरीवर मालकाने वेगळी लेव्ही भरावी, तिच्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, औषधपाणी मिळावे अशी व्यवस्था झाली. ज्याला कोणी मालक नव्हता त्याला निदान एक वहीतले पान मिळाले. साखरेचे पोतेही पूर्वी शंभर किलोचे असे, ते पन्नास किलोवर आले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली एका पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे शंभर किलोचे पोते म्हणजे काय प्रकार होता ते कळेल.

आता येथे कोणी म्हणेल, पन्नास किलो म्हणजे काही फार नव्हे. अशा माणसाने थोडे गणित करावे. पाळीत दोनशे पोती उचलली तर दहा हजार किलो होतात. दहा टन वजन एका माणसाच्या कण्यावरून एका दिवसात जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. म्हणून हे ओझे यंत्राने उचलले याचे दुःख मला होत नाही. कोणालाही होऊ नये. घामाला मोत्यांची उपमा देणारी लेखणी आपल्या वाङ्मयात पुष्कळ झाली. ती बहुधा सावलीत बसून चाललेली असते. ओझे वाहण्यात प्रतिष्ठा आहे असे ओझे वाहणाऱ्याने म्हटलेले माझ्या ऐकण्यात नाही. त्याने सहन करण्यात प्रतिष्ठा दाखवली असेल; पण सहन करायला लावणे ही काही प्रतिष्ठेची गोष्ट होत नाही.

मग प्रश्न कोठे आहे? माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गोदामात हमाली करतात. एकदा ते शाळेत आले आणि म्हणाले, “गुरुजी, पोराला एवढं शिकवा की त्याच्या पाठीवर पोतं येऊ नये.” मी बरे म्हटले. जाताना ते दारात घुटमळले आणि खिशातून एक कोरा कागद काढून म्हणाले, “आणि एक अर्ज लिहून द्या. गोदामात मशीन येणार म्हणतात. ते आणू नका, असं साहेबांना लिहायचंय.”

वरवर पाहता या दोन मागण्या एकमेकींच्या उलट आहेत. ज्या कामापासून मुलाला वाचवायचे, तेच काम आपल्याकडे राहावे म्हणून अर्ज! तर्कशास्त्राच्या शिक्षकाने यावर लाल शाईची फुली मारली असती. मी अर्ज लिहून दिला. कारण लिहिता लिहिताच माझ्या लक्षात आले की या माणसाच्या बोलण्यात विसंगती मुळीच नाही. पहिली विनंती ओझ्याविषयी होती, दुसरी भाकरीविषयी. ओझे आणि भाकरी एकाच सुतळीने बांधून ठेवली ती त्याने नव्हे, आपण. एक सोडायला गेले की दुसरी सुटते, हा सृष्टीचा नियम नाही. ती आपण मारलेली गाठ आहे.

यंत्राविषयीच्या पुष्कळ थोर विचारांतही ही गाठ तशीच राहून गेलेली दिसते. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात अशी कल्पना केली आहे की, मागावरचा धोटा आपण होऊन चालू लागला तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही. दोन हजारांवर वर्षांपूर्वी केलेली ही कल्पना अचाट आहे. पण ती धन्याच्या ओसरीवर बसून केलेली आहे. धन्याला गुलाम लागणार नाही हे त्याने पाहिले. त्या दिवशी संध्याकाळी गुलाम कोठे जेवेल हे विचारले नाही. आज कारखान्याच्या हिशोबात किती माणसे कमी झाली याचा आकडा मांडला जातो तेव्हा तोच धोटा चालत असतो.

गांधीजींना यंत्रांचे वैरी समजतात. पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी शिवणाच्या यंत्राचा अपवाद केला होता. टाके घालताना आपल्या बायकोला होणारा शीण पाहून सिंगरने ते यंत्र काढले, प्रेमातून ते जन्मले, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राची ही कसोटी मोठी सुंदर आहे: ते कोणाच्या कळवळ्यातून आले? या कसोटीला पोते उचलणारा लोखंडी बाहू उतरणार नाही. पाठीची कळ पाहून तो आणलेला नाही. मजुरी आणि लेव्ही यांची बेरीज पाहून आणलेला आहे. पाठ स्वस्त होती तोवर तिची कणव कोणाला आली नव्हती.

तरीही मला ही कसोटी अपुरी वाटते. आणणाऱ्याचा हेतू कसाही असो, पाठीवरचे पोते खरोखरच उतरते. हेतू वाईट म्हणून ते पुन्हा पाठीवर चढवावे असे कोण म्हणेल? तेव्हा यंत्र कोणाच्या मनातून आले याहून, त्याने वाचवलेले श्रम कोणाच्या पदरात पडले, हे विचारणे अधिक योग्य होय. दहा माणसांचे ओझे उतरले, ठीक. पण त्या उतरण्याचा नफा कोणाच्या खात्यावर जमा झाला? ओझे वाहणारे एक आणि हलके होणारे दुसरेच, असे झाले तर त्याला सुधारणा म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.

हा प्रश्न नुसता पुस्तकी आहे असे कोणी समजू नये. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूआर्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाले. आज जगभर चालणाऱ्या कंटेनरची ती सुरुवात. तोवर गोदीतला हमाल एकेक पोते, एकेक पिंप जहाजात चढवी. आता सगळा माल कारखान्यातच पेटीबंद होऊन येणार आणि पेटी यारीने उचलली जाणार. हमालाचे काम संपणार हे उघड होते. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांनी यंत्र अडवून धरले नाही. १९६० साली त्यांनी मालकांशी करार केला: यंत्रे आणा, पण त्यांच्या बचतीतला वाटा आमचा. साडेपाच वर्षांत मालकांनी २ कोटी ९० लाख डॉलर कामगारांच्या निधीत भरायचे ठरले. त्यातून म्हाताऱ्यांना लवकर निवृत्त होता यावे आणि उरलेल्यांच्या किमान मजुरीची हमी राहावी, अशी योजना होती. त्या कराराचीही एक उणीव होती. वाटा मिळाला तो ज्यांची पक्की नोंद होती त्यांना. दुय्यम यादीतले आणि नैमित्तिक हमाल बाहेरच राहिले. तरीही एवढे सिद्ध झाले की ओझे आणि भाकरी यांची गाठ सोडता येते. सोडण्याची इच्छा मात्र लागते, आणि सोडायला भाग पाडणारी एकी लागते.

आपल्याकडे तर ही इच्छा अधिक असायला हवी. कारण आपल्या साखर कारखानदारीने सहकाराचे नाव लावले आहे. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला तेव्हा त्यामागचा विचार क्रांतिकारक होता: जो ऊस पिकवतो तो नुसता विकणारा नव्हे, तो कारखान्याचा धनी आहे. ऊस आणणारा धनी झाला. पण साखर बाहेर काढणारा? त्याने शेअरची रक्कम भरली नाही, हे खरे. परंतु स्वस्त खांदा म्हणजे तरी काय? मालकाने न केलेला खर्च हमालाने आपल्या कण्यातून केला. चाळिशीत वाकलेली पाठ हे भांडवलच होय. फक्त त्याची पावती कोणी फाडली नाही.

म्हणून मला वाटते, माथाडीची लेव्ही ज्या विचाराने बसवली तो विचार यंत्राच्या दाराशी येऊन थांबू नये. ओझे हाडामांसाने उचलले काय आणि लोखंडाने उचलले काय, पोत्याचे वजन तेवढेच असते. त्या वजनावर आजवर ज्यांच्या पाठी खर्ची पडल्या त्यांचा हक्क, त्यांचे आयुष्य सरेपर्यंत तरी, यंत्राने उचललेल्या पोत्यावरही राहायला हवा. आणि यंत्र येण्यापूर्वी पहिली यादी करायची ती यंत्राच्या सुट्या भागांची नव्हे, माणसांची. वहीत ज्यांची नावे नाहीत त्यांची आधी.

कोणी म्हणेल, नवी यंत्रे नवी कामे देतातच. देतात, पण ती निराळ्या माणसाला देतात. यंत्राची तार जोडणारा तरुण आणि यंत्राने घरी बसवलेला पन्नाशीचा हमाल यांची बेरीज करून “कामे कायम राहिली” असे म्हणणे म्हणजे एका ताटातले काढून दुसऱ्या ताटात वाढावे आणि पंगत जेवली असे सांगावे, यातला प्रकार आहे. दुसरे कोणी म्हणेल, एवढे सारे करायचे तर यंत्र परवडणार कसे? याचे उत्तर सोपे आहे. माणसाला उपाशी ठेवल्यावाचून जे परवडत नाही, ते मुळी परवडतच नाही. त्याची किंमत दुसरा कोणी भरतो आहे, एवढेच.

हलका हात आणि रिकामा हात, दोन्ही दिसायला सारखेच. दोघांतही पोते नसते. यंत्राला यांतला भेद कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. त्याने पोते उचलले की त्याचे काम झाले. पुढचे काम माणसांचे आहे. मधल्या यंत्रशाळेत आपण पुष्कळ विज्ञान आणले. मागच्या दाराशी आता थोडी नीती आणायची आहे, आणि ती कोणत्याही परदेशी कंपनीकडून मागवता येत नाही.