वास कुणाच्या घामाला?

प्रश्न साधा आहे. घाम ही घाण आहे काय?

उत्तराची घाई नको. आपण लगेच म्हणणार, छे छे, घाम म्हणजे श्रमाचं मोल, घाम म्हणजे कष्टकऱ्याचं अत्तर. पोस्टरवर हे झकास दिसतं. पण घरातून निघताना काखेत फवारा कोण मारतं? इंटरव्ह्यूला, कॉलेजात, अगदी चळवळीच्या बैठकीला येतानासुद्धा? मारतोच की आपण. मग घाम हेच अत्तर असेल तर त्याच्यावर हे दुसरं कशाला?

आधी विज्ञानाचं बघू. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. बहुतेक सगळं पाणी आणि मीठ. काखेतल्या काही ग्रंथींचा घाम जरा वेगळा, स्निग्ध असतो. कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर जगतात आणि वास येतो तो त्यांच्या उद्योगाचा. हे जिवाणू जात विचारून बसत नाहीत.

जात विचारणारं पुस्तक मात्र होतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात माणसाच्या अंगातल्या बारा मळांची यादी दिलेली आहे. रक्त, मूत, शेंबूड, डोळ्यांतले अश्रू... आणि सगळ्यात शेवटी घाम. अश्रूसुद्धा मळच, बघा. आता कुणी म्हणेल, यादी तर सगळ्याच माणसांची आहे. बरोबर. पण एकाचा मळ आंघोळीनं जायचा, दुसऱ्याचा जन्मभर जायचा नाही. तो गावाबाहेरच ठेवायचा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे त्याच्यावरून आलेला वारा गावाला लागणार नाही. अस्पृश्यता ही नुसती हाताची नव्हती, ती नाकाचीही होती.

हे नाक मेलं नाही. त्यानं धंदा बदलला.

धंदा तसा अमेरिकेचा. तिथल्या एका सर्जननं शस्त्रक्रियेच्या वेळी हाताला घाम सुटू नये म्हणून औषध बनवलं. मुलीनं ते काखेसाठी विकायला काढलं, नाव ओडोरोनो. बायका घेईनात. घाम येतो तर येतो, त्यात काय एवढं? मग १९१९ साली 'लेडीज होम जर्नल'मध्ये एक जाहिरात आली. तुला वास येतोय, तुला तो कळत नाही, तुझ्या तोंडावर कुणी बोलणार नाही, पण मागं कुजबुज चाललीय, असा तिचा एकूण रोख. दोनशेच्या आसपास बायकांनी संतापून त्या मासिकाची वर्गणी बंद केली. आणि मालाचा खप वर्षभरात दुपटीच्या वर गेला. राग आला त्यांनीही घेतलं असेल, कोण जाणे.

युक्ती ओळखीची वाटते ना? तुझ्यात एक दोष आहे, तो तुला दिसत नाही, दुसऱ्यांना दिसतो, आणि शुद्धीचा मंत्र आमच्याकडे आहे. फरक एवढाच, की भट जन्माचा दोष सांगायचा आणि कंपनी रोजचा सांगते. अठ्ठेचाळीस तासांची शुद्धी. त्यानंतर पुन्हा दक्षिणा.

पण आजच्या जाहिरातीला घामाचं वावडं आहे असं समजू नका. तिला घाम आवडतो. व्यायाम करणारी बाई बघा. खांद्यावर, गळ्यावर एकेक थेंब मोत्यासारखा बसवलेला, प्रकाश मागून सोडलेला. हा घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत नाही, चोळीला पांढरे मिठाचे नकाशे काढत नाही, त्याच्यात धूळ कालवत नाही. तो दागिना आहे. त्या बाईनं पैसे भरून घाम गाळलाय, म्हणून तो सुंदर. जिला घाम गाळल्याचे पैसे मिळतात तिचा घाम मात्र घाण. एकाच मिठाच्या पाण्याचे हे दोन वर्ण.

त्या बाईच्या गळ्यात बहुतेक वेळा एक टॉवेल असतो. सोलापूरकरांनी जरा निरखून बघावा. टेरी टॉवेल ही आपल्या गावची ओळख, चादरीसारखीच भौगोलिक मानांकन मिळालेली. पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, मागाच्या खडखडाटात तो निघतो. दुसऱ्याचा घाम टिपणारं कापड विणताना किती घाम जिरला, ते त्या जाहिरातीत कुठं दिसणार? सोलापूरला टॉवेल दिसतो, विणणारा नाही. त्याच्या घरची बाई तर त्याहून नाही. ती विडी वळत बसलेली असते.

विडीकामगार बाईचा घाम जाहिरातवाल्याला मुळीच कळणार नाही, कारण ती पळत नाही, उड्या मारत नाही. ती बसते. मांडीवर सूप, पुढं पानं, तंबाखू, दोरा. हजार विड्यांवर मजुरी, त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा. मान, कंबर, बोटं झिजतात आणि तंबाखू कातडीत मुरतो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू... सगळ्या भाषांतल्या बाया या शहरात हे काम करत आल्या. याच बायांनी लढून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली, २००६ साली. मालकीच्या घराचं दार लावून घेता येतं. अंगावरचा तंबाखूचा वास दाराबाहेर ठेवता येत नाही. त्याला कुठला फवारा?

इथं पाण्याचंही बोललं पाहिजे. महाराष्ट्रात १९७२-७३ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती. आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी उन्हात खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि प्यायला पाणी नाही तिथं आंघोळ कुठली. आणि १९७५ च्या सुमाराला थेटरात लिरिल साबणाची जाहिरात आली. कोडाईकनालकडचा धबधबा, त्याखाली नाचणारी एक मुलगी. ती करवून घेणाऱ्या अलीक पदमसींनी नंतर सांगितलंय, की गृहिणीला दिवसातून स्वतःसाठी मिळतात ती आंघोळीचीच दहा मिनिटं, म्हणून हा धबधबा. निरीक्षण खोटं नाही. मला तर ते फार नेमकं वाटतं. पण ज्या बाईला ती दहा मिनिटंही नाहीत, न्हाणीला दार नाही, घागर तीन गल्ल्यांवरून आणायची, तिला त्यांनी धरलंच नव्हतं. नळाला दिवसांआड पाणी बघत वाढलेल्या आपल्या गावात धबधबा म्हणजे परग्रहच.

आता एक आक्षेप. तो आपल्यातलाच कुणीतरी घेईल आणि घ्यायलाच हवा. स्वच्छ राहा हे तर बाबासाहेबांनीच सांगितलं. महाडला १९२७ च्या डिसेंबरात, मनुस्मृती जाळल्यानंतर, त्यांनी बायांना खास बोलावून सांगितलं, की लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा, गळ्या-हातांतलं ते कथलाचं नि चांदीचं ओझं टाका, स्वच्छ राहा. बाया दुसऱ्या दिवशी तशा नेसून आल्या. मग साबणवाला वेगळं काय सांगतो?

फार वेगळं सांगतो. महाडच्या बाईला तिच्या नेसण्यावरून, दागिन्यांवरून दुरून ओळखता येत होतं. अंगावरचा तो शिक्का काढा, असं बाबासाहेब म्हणत होते. जाहिरात नवा शिक्का देते, गोरी नाहीस, मऊ नाहीस, वास येतो. शिवाय महाडला पाणी आधी आहे. मार्चमध्ये चवदार तळं, डिसेंबरात लुगडं. साबणवाला तळ्याचं बोलतच नाही, फक्त वडीचं बोलतो.

आणि आपण तरी? आपले पोस्टर, आपल्या कविता बघा जरा. कोयता उगारलेली, भरल्या अंगाची, घामानं निथळणारी कष्टकरी बाई. काढणारा बहुतेक पुरुष. तीही जाहिरातच आहे, माल तेवढा वेगळा. राबणाऱ्या बाईला घामाचा अभिमान नसतो, तिला घरी जाऊन पाठ टेकायची असते. बाबासाहेबांनी घामाची पूजा कधी केली नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या भरपगारी रजेची बाजू घेतली, म्हणजे बाईच्या अंगाला विश्रांती मागितली. १९४६ साली मजूरमंत्री असताना कारखान्याचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणला. गांधीवादाशी त्यांचं भांडण होतं त्यात हेही होतं. यंत्र हवं, कारण माणसाला जनावरासारखं राबण्यातून सुटून फुरसत मिळाली पाहिजे.

फुरसत. व्यायाम म्हणजे फुरसतीचा घाम. म्हणून व्यायाम करणाऱ्या बाईला हसू नका. तिचा दोष नाही. २०१६ साली नाइकीची एक जाहिरात आली, 'दा दा डिंग'. दीपिका पदुकोणबरोबर खऱ्या खेळाडू मुली पळताना, धापा टाकताना दाखवल्या, त्यात हातगाडी ओढणाऱ्या बापाची राणी रामपालही होती. ही गोष्ट चांगलीच झाली. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या माणदेशातली ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकात तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. मोही गावच्या दुष्काळी मातीतली पोर. तिचा घाम कुठल्या होर्डिंगवर चमकताना तुम्ही पाहिलात? मी तरी नाही.

सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीतल्या मुलीही पळतात. पांढरी पँट घालून. त्या चार दिवसांतही तू थांबू नकोस म्हणतात. उसाच्या फडातल्या बाईला हे सांगायची गरजच नाही, तिला थांबायची परवानगी कुठंय? सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. बीडकडून कोयते येतात, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक दिवस पडून राहिली की खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. २०१९ साली विधिमंडळात चर्चा झाली ती या बायांनी तरुण वयात काढून टाकलेल्या गर्भपिशव्यांची. 'थांबू नकोस' या एकाच वाक्याचे हे दोन अर्थ.

राहता राहिली आपली वस्ती. आपल्याकडे समाजमंदिर आहे, बहुतेक ठिकाणी व्यायामशाळाही आहे. दारावर बाबासाहेबांचं नाव, आत भिंतीवर फुगवलेल्या दंडांचे फोटो, बाहेर कॅरम. मुली नाहीत. विडीच्या घरातली पोर शाळेतून येते ती थेट सुपाशी बसते, मान वर करायला वेळ मिळतो तो मोबाईलवर रील बघण्यापुरता. तिथं ती दागिन्यासारख्या घामाची बाई असतेच. संध्याकाळचा एक तास व्यायामशाळा मुलींसाठी ठेवा, असं आपल्याच एका बैठकीत निघालं, तेव्हा काही कार्यकर्ते म्हणाले, बरोबर आहे पण नको, बघायला गर्दी होईल.

गर्दी कोण करणार होतं, बे?