कारण आणि दोष

दुःख कोसळले की माणूस प्रथम रडतो, असा आपला समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. माणूस प्रथम चौकशी करतो. आणि तीही हे कसे झाले याची नव्हे, तर कुणामुळे झाले याची. ज्या घरात पाळणा बांधायचा तो बांधला जात नाही, त्या घरात तर ही चौकशी इतक्या तातडीने सुरू होते, की रडायला बसलेल्या बाईला रडणे अर्धवट टाकून साक्षीला उभे राहावे लागते.

फराळाच्या ताटाबरोबर वाचायला हा विषय गोड नाही, हे मला ठाऊक आहे. पण दिवाळी अंक जसा भरल्या घरात जातो, तसाच तो, यंदा ज्या घरी एक लहानगा जीव असायचा होता आणि नाही, त्या घरातही जातो. अशी घरे प्रत्येक आळीत असतात. ती फक्त बोलत नाहीत. मी कादंबऱ्यांतून पुष्कळांची दुःखे रंगवली. हे एक मात्र टाळत आलो. का टाळले, ते पुढे कळेल.

आधी शाळेतली एक गोष्ट सांगतो. मी नुकताच मास्तर झालो होतो. मधल्या सुट्टीत वर्गाच्या खिडकीची काच फुटली. मी डोळे वटारूनच वर्गात शिरलो आणि विचारले, "कुणी फोडली?" वर्ग चिडीचूप. शेवटच्या बाकावरच्या दोघांवर माझा नेहमीचाच संशय. त्यांना तासभर उभे केले. संध्याकाळी शिपाई म्हणाला, "गुरुजी, कडी निखळली होती. वाऱ्यानं झडप आपटली अन् काच गेली. कडीचं तुम्हाला मागंच सांगितलं होतं." सांगितले होते खरे. मी विसरलो होतो.

"काच कशी फुटली?" असे विचारले असते, तर उत्तर पाच मिनिटांत मिळाले असते. "कुणी फोडली?" असे विचारले, म्हणून दोन निरपराध पोरे तासभर उभी राहिली, आणि ज्याच्याकडून कडी बसवायची राहिली होती, तो मात्र न्यायाधीश होऊन खुर्चीवर बसला होता.

आता घरातली गोष्ट. २००९ सालच्या आषाढात माझ्या पत्नीला तिसरा महिना लागला होता. त्या वर्षी दिव्यांच्या अवसेला, म्हणजे २२ जुलैला, सकाळीच सूर्यग्रहण होते. आमच्या गावावर पावसाळी ढग असल्यामुळे ते कुणाला दिसलेसुद्धा नाही. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तिला त्रास सुरू झाला, दवाखान्यात नेले, आणि संध्याकाळपर्यंत सारे आटोपले.

घरी आल्यावर चौकशी बसली. हंडा उचलला होता का? माळ्यावर चढली होती का? पपई खाल्ली का? ग्रहण नीट पाळले का? आईने विचारले, मावशीने विचारले, शेजारच्या काकूंनी पायरीवरूनच विचारले. पत्नी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती काहीच बोलली नाही.

डॉक्टरबाईंनी तर आम्हा दोघांना समोर बसवून सारे समजावले होते. दिवस गेल्याचे कळलेल्या शंभर जणींपैकी दहा ते वीस जणींचा गर्भ टिकत नाही. त्यांतलेही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत मूळ हिशेबच चुकलेला असतो. तेवीस गुणसूत्रे आईकडून, तेवीस बापाकडून. या मांडणीत एखादे जास्त पडते, एखादे कमी, आणि वाढ थांबते. कधी थायरॉइड असतो, कधी मधुमेह, कधी गर्भाशयाची रचना, कधी आईचे वाढलेले वय. ती कारणे शोधावीत, त्यांवर इलाज करावेत. पण रोजच्या कामाने, जिना चढल्याने, पिकल्या पपईच्या फोडीने किंवा आकाशातल्या सावलीने गर्भ जात नाही. "यात तिचा काही दोष नाही," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. माझे शिक्षण मॅट्रिकला थांबले असले, तरी एवढे समजण्याइतका मी शहाणा होतो.

आणि त्याच रात्री दिवा मालवल्यावर मी तिला विचारले, "ग्रहणाच्या वेळी तू काही चिरायला तर बसली नव्हतीस ना?"

अंधारात उत्तर आले नाही. मी झोपलो. ती झोपली की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

मी ग्रहणावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. मग मी ते का विचारले? याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, दोषी सापडला म्हणजे माणसाला एक प्रकारचा धीर येतो. चूक सापडली तर ती पुढल्या खेपेस टाळता येते. म्हणजे जग शिस्तीने चालते, आणि आपण नीट वागलो तर आपले वाईट होणार नाही, असे म्हणता येते. नुसते कारण सापडून हा धीर मिळत नाही. तेवीस आणि तेविसाच्या बेरजेत काही चुकले, याचा राग कुणावर धरायचा? म्हणून आपण दोषी शोधतो. या जन्मात सापडला नाही तर मागल्या जन्मात जातो, तिथले संचित उकरतो. आणि शोध संपतो तो बहुधा एकाच ठिकाणी – जी आधीच अंथरुणाला खिळलेली असते, तिच्यापाशी. घराला धीर मिळतो. त्याची किंमत ती देते.

आईला दूषण द्यायला मी हे लिहीत नाही. तिची स्वतःची दोन मुले पोटातच गेली होती. तिलाही तेव्हा कुणीतरी विचारलेच असणार. जे तिला विचारले गेले, तेच तिने पुढे विचारले.

मराठीत 'दिवस गेले' ही आनंदाची बातमी असते. आमचे त्यानंतर नुसतेच दिवस गेले. तीन वर्षांनी आम्ही पुन्हा दवाखान्याची पायरी चढलो. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक तिच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. तिचे रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहिले, शेवटी भूल देऊन दुर्बिणीतूनही पाहिले. माझी चिठ्ठी दीड वर्ष पाकिटात राहिली. तपासणी साधी, बिनदुखाची, चार पैशांची. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते, हे दवाखान्याच्या भिंतीवरच लिहिलेले होते. ती पाटी मी प्रत्येक खेपेस वाचीत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की जगात सहा माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीला तोंड द्यावे लागते. माणसांमागे, बायकांमागे नव्हे.

अखेर गेलो. अहवालात कमतरता माझ्याकडे निघाली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, यात तुमचा काही दोष नाही. शरीराचं असतं एकेक." आणि गंमत अशी, की मला ते तत्काळ पटले! घरी येताना मन हलके झाले होते. रिक्षात शेजारी पत्नी बसली होती. तिला हेच वाक्य पूर्वी मिळाले होते. ते माझ्याच कानांसमोर उच्चारले गेले होते, आणि मी ते तिच्यापर्यंत पोचू दिले नव्हते. हे मला त्या दिवशी मात्र सुचले नाही. सुचायला आणखी बरीच वर्षे लागली.

आम्हाला मूल झाले नाही. घर चालले आहे. शाळेची पोरे अंगणात असतात. गेल्या वर्षी दिव्यांच्या अवसेला आम्ही दोघे ओसरीवर समया घासत बसलो होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "त्या सकाळी मी चिरला होता. कांदा. तुमच्या पोह्यांसाठी. तुम्हाला शाळेची घाई होती."

एवढी वर्षे तिने ते पोटात ठेवले होते. मी विचारले नसते तर तो कांदा ती केव्हाच विसरून गेली असती. मी एक प्रश्न विचारला, आणि साध्या कांद्याचा गुन्हा झाला. मी म्हणालो, "दोष असला तर माझा. पोह्यांचा नव्हे; प्रश्नाचा." ती हसली, पण डोळे पुसले.

आता कुणी म्हणेल, मग मास्तर, कुणाचाच कधी दोष नसतो, असे तुमचे म्हणणे आहे काय? नाही. निखळलेली कडी मी विसरलेलो नाही. बाळंतिणींच्या दुःखात खरे दोषही असतात. फक्त जिथे ते असतात तिथे आपण शोधीत नाही.

१८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात कितीतरी अधिक बाया तापाने मरत. हवा वाईट, बाया भित्र्या, अशी नाना कारणे सांगितली जात. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने पाहिले, की डॉक्टर आणि विद्यार्थी मुडदे फाडून तसेच बाळंतिणींकडे येतात. त्याने त्यांना चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हात धुवायला लावले, आणि मृत्यू झपाट्याने घटले. पण पुष्कळ सहकाऱ्यांना ते रुचले नाही. बाया भित्र्या आहेत हे मान्य करणे सोपे होते. आपले हात मळके आहेत हे मान्य करणे जड गेले.

आपल्याकडची आनंदीबाई जोशी चौदा वर्षांची असताना तिचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. नशीब म्हणून गप्प बसायला तेवढे पुरे होते. पण बाईमाणसाला बाईमाणसाकडून औषधपाणी मिळत नाही, हे उणे तिने ओळखले. १८८३ साली ती अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षे पुरी होण्याआधी, ती वारली. पण चौकशी कुठे करावी, हे त्या मुलीला नेमके कळले होते.

आणि आजचे? आमच्या मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. माझ्या हजेरीपटावरची निम्मी नावे चैत्रापर्यंत गैरहजर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. एका पोराची आई पाचव्या महिन्यात फडात मोळ्या वाहत होती. रक्त जाऊ लागले. दवाखाना लांब, गाडी मिळेपर्यंत रात्र झाली. बाई वाचली, मूल गेले, आणि हिशेबात चार दिवसांचा खाडा लागला. गावी परतल्यावर बायका तिला विचारीत होत्या, "काही खाल्लंबिल्लं होतंस का?" मोळीचे वजन कुणी विचारले नाही. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ब्याऐंशी हजारांवर स्त्रियांत तेरा हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हे ग्रहणाने झाले नाही.

१९६१ सालच्या कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण फडातल्या त्या बाईपर्यंत ती कशी पोचावी? २०१६ सालापासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. पण पालावर नऊ तारीख कोणती, हे तिला कोण सांगणार? ही आपल्या निखळलेल्या कड्यांची यादी आहे. इथे "कुणामुळे?" हा प्रश्न जरूर विचारावा, मोठ्याने विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारावा.

मला एवढेच म्हणायचे आहे, की प्रश्न दोन आहेत आणि त्यांची दारे निरनिराळी आहेत. कशाने झाले, हे डॉक्टरांना विचारावे. कुणामुळे झाले, हे मुकादमाला, कारखान्याला, सरकारला आणि घरच्या पुरुषाच्या पाकिटातल्या चिठ्ठीला विचारावे. राहिली ती बाई. तिला फार तर "जेवलीस का?" म्हणून विचारावे; आणि ती रडत असेल तर तिला पुरते रडू द्यावे.

यंदा नरकचतुर्दशीला पहाटे, अभ्यंगस्नान आटोपल्यावर, आमच्या घरी नेहमीप्रमाणे पोहे होतील. हल्ली कांदा मी चिरतो. डोळ्यांना पाणी येते. त्याला कारण आहे. दोष कुणाचाच नाही.