वर्दीतील कर्तव्य आणि आपण

चिंतन : लूक 3:10-18



बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाईही आले. आपण काय करावे, असे त्यांनी विचारले. योहानाने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. धाक दाखवून पैसा उकळू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा, एवढेच सांगितले.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आपण विसरलेलो नाही. मुंबईत गिरगाव चौपाटीवर सहायक पोलिस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती. त्यांनी कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि प्राण दिले. सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. 2009 साली ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

पुढची गोष्टही तितकीच मोठी आहे. पकडलेल्या कसाबला रुग्णालयात नेले, वकील दिला, खटला चालवला. त्याच खटल्यात 2010 साली दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या रात्रीच्या संतापावरच निकाल लागला असता, तर त्या दोघांचे काय झाले असते?

आता आपल्या अर्धापूरकडे या. केळीच्या बागेतली पाण्याची मोटार चोरीला जाते. संशय एखाद्या गरीब मजुरावर येतो. आपणच ठाण्यात जाऊन म्हणतो, "साहेब, दोन फटके द्या, लगेच कबूल करील." मार खाऊन माणूस काहीही कबूल करतो. म्हणूनच पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कायदा पुरावा मानत नाही आणि अटक केलेल्याला 24 तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. पण समजा, तो मजूर खरोखर चोर निघाला आणि मोटार सापडली, तरी ते फटके योग्य ठरतात का? नाही. चांगले व्हावे म्हणून वाईट करू नये, ही संत पौलाची शिकवण आहे (रोम 3:8). लोकांसाठी एक माणूस मेलेला बरा, असा हिशेब कायफाने मांडला होता. त्या हिशेबात आपला प्रभू क्रुसावर गेला. आणि पिलात? येशू निर्दोष आहे हे त्याला ठाऊक होते, तरी गर्दीला भिऊन त्याने हात धुतले.

ती गर्दी आपण होऊ नये. आपला मुलगा अडकला की ओळखीच्याला फोन करायचा, चिरीमिरी पुढे करायची आणि दुसऱ्याचा मुलगा अडकला की मार मागायचा, हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. लाच घेणारा हात दोषी, तसाच देणाराही.

आपल्या ओळखीचा एखादा पोलिस असेल, तर सणासुदीलाही घरी जाऊ न शकणाऱ्या त्या माणसाची या आठवड्यात आठवणीने विचारपूस करा. तो नियमाने वागला आणि आपले काम लांबले, तर त्याच्यावर रागावू नका.

हे प्रभो, वर्दीतील आमच्या भावाबहिणींना धैर्य आणि स्वच्छ हात दे. कोठडीतल्या माणसातही तुझे रूप पाहायला आम्हां सर्वांना शिकव. आमेन.